बोटांतला निखारा

मी एका माणसाला चारचौघांत त्याच्या रोगाबद्दल विचारलं, आणि तेही त्याच्या होऊ घातलेल्या व्याह्यासमोर.

नव्वद सालानंतरची गोष्ट. गोंडपिपरीकडच्या एका गावात मी नवाच मास्तर होतो. पोरांना आरोग्याचा धडा शिकवून शिकवून आपण अर्धे डॉक्टर झालो, असं मला वाटायला लागलं होतं. हिवाळ्यात सकाळी माणसं तलावाच्या पाळीवर शेकोटीला जमत. त्या दिवशी धुकं असं की समोरच्याचं तोंड दिसेना. नुसते बिड्यांचे लाल ठिपके, आणि पाण्यावरून येणारा कसलासा चपचप आवाज.

माझ्या शेजारी एक म्हातारा ढिवर, त्याच तलावात मासे धरणारा, शेकत होता. त्याच्या मुलीला बघायला परगावचे पाहुणे आले होते आणि मुलाचा बाप त्याच्या पलीकडेच बसला होता. मुलगी पसंत होती. चहा झाला की सुपारी फुटायची होती.

म्हाताऱ्याने बिडी पेटवायला बोटांनीच निखारा उचलला. बिडी पेटली, निखारा मात्र बोटांतच राहिला. तो आपला जाळ्याबद्दल बोलतोय. मला भाजल्याचा वास आला. कुणी मासा भाजतंय असं वाटून माझ्या तोंडाला पाणीसुद्धा सुटलं. मग दिसलं, धूर म्हाताऱ्याच्या बोटांतून निघत होता, आणि तो हसत होता.

गावातलं कुणी तिकडे बघत नव्हतं. धुक्यातून एक आवाज आला, "भाऊ, माही बिडी विझली. तो निखारा देजो." काही न विचारता त्याच्या बोटांतला निखारा असा मागून घ्यायचा, ही त्या गावाची रीत. ती मला ठाऊक नव्हती. मी ओरडलो, "अहो, चटका बसत नाही का तुम्हाला? महारोग तर नाही ना?"

सगळे ठिपके जागच्या जागी थांबले. पाण्यावरचा आवाजही थांबला, निदान मला तसं वाटलं. म्हाताऱ्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची असावीत. रोग गोळ्यांनी केव्हाच गेला होता, बोटांतली जाण तेवढी परतली नव्हती. गाव हे जाणून होतं. पण परगावच्या माणसाला आता ते कोण पटवून देणार? आणि सुपारी तर अजून पाहुण्याच्याच खिशात होती.

मग मुलाच्या बापाचा हात धुक्यातून पुढे आला. तळव्यावर पळसाचं हिरवं पान होतं.

"आना इकडे, व्याही," तो म्हणाला. "माही बी विझली."

त्याची बिडी चांगली जळत होती.

म्हाताऱ्याने निखारा पानावर ठेवला आणि सावकाश माझ्याकडे वळला.

"गुरुजी, माह्या बोटायले समजत नाई. तुमच्या तोंडाले काऊन समजत नाई?"