वरच्या वाडीचं आमंत्रण

या पृथ्वीच्या पाठीवर जितकी माणसं आहेत तितक्या सगळ्यांना एकदा तरी आपल्या घरी जेवायला बोलवायचं, असा पण करून जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला आणि तो आठवी ते दहावी अशी तीन वर्षं माझ्याच बाकावर बसत होता. आमचं हायस्कूल गारगोटीच्या पुढं, घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला. सहा खोल्या, एक पत्र्याची शेड आणि आसपासच्या चार-पाच वाड्यांतून चालत येणारी पोरं, एवढाच त्याचा पसारा. आठवीच्या पहिल्या दिवशी तो माझ्याशेजारी येऊन टेकला. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दप्तर बाकाखाली सरकवलं आणि म्हणाला, "आमच्या जत्रंला जेवायला यायचं बघ." तेव्हा जून चालू होता आणि त्याच्या वरच्या वाडीची जत्रा माघात. मधल्या आठ महिन्यांत मी शाळा सोडून जाईन किंवा आमची मारामारी होईल, असल्या शंका त्याला शिवल्याच नव्हत्या.

आता आमच्या भागात जत्रेचं आमंत्रण ही काही नवलाची गोष्ट नाही. जत्रेदिवशी घराघरात मटण शिजतं आणि कुणाच्या दारात किती पाहुणे आले यावर त्या घराचा वर्षभराचा मान ठरतो. म्हणून जो तो ज्याला त्याला बोलावतो आणि बोलावलेला माणूस "येतो की" म्हणून मोकळा होतो. तो येईलच असं कुणी धरून चालत नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, फक्त माझ्या या शेजाऱ्याला कळत नव्हतं. त्याला कुणी "येतो की" म्हटलं की तो तिथल्या तिथं एक बोट दुमडायचा. हाताची बोटं संपली की माझी वापरायचा.

बोलवायला त्याला वेळकाळ लागत नसे. गणिताच्या सरांनी त्याचा कान पिरगाळून उभं केलेलं असायचं आणि हा मान वाकडी करून त्यांनाच विचारायचा, "सर, जत्रंला येताय न्हवं?" सर म्हणायचे, "आधी हे उदाहरण सोडव." त्यावर हा शांतपणे सांगायचा, "गणित कुठं जातंय सर, हितंच हाय की. जत्रा वर्षातनं एकदाच येती." मराठीच्या बाईंनी सहामाहीला मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायला दिला होता. त्यात यानं रजेचं कारण अर्ध्या ओळीत उरकलं आणि पुढं पानभर लिहिलं की आपणही सहकुटुंब यावे, फाट्यावर उतरून ओढा ओलांडावा, डोंगराकडचे शेवटचे घर आमचे, कुत्रे बांधून ठेवलेले असेल. बाईंनी पाचपैकी चार गुण दिले. एक गुण का कापला म्हणून हा विचारायला गेला आणि येताना बाईंच्या यजमानांनाही आमंत्रण देऊन आला.

एकदा तालुक्याहून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी सगळ्या वर्गात नेमकं यालाच उठवलं आणि विचारलं, "बाळ, मोठेपणी कोण होणार?" हा म्हणाला, "ते बघू की साहेब. तुमी मटण खाता न्हवं?" साहेबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. यानं माळ पाहिली, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग आई वांग्याचं करंल तुमच्यापुरतं. पण या." साहेबांनी खिशातून डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं. ती जत्रेची तारीख होती की शाळेविषयीचा शेरा, हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही.

पण कळस झाला तो तालुक्याच्या कबड्डी सामन्यात. हा आमच्या संघात कोपऱ्यात खेळायचा. अंगानं काटकुळा, पण एकदा घोटा धरला की घोरपडीसारखा चिकटायचा. समोरच्या शाळेचा एक धिप्पाड गडी चढाईला आला होता, दम तुटू न देता "कबड्डी कबड्डी" म्हणत रेषेकडं सरकत होता आणि त्याचा घोटा धरून हा मागं फरफटत चालला होता. तशा अवस्थेत यानं मान वर केली आणि म्हणाला, "पावणं, माघात आमच्याकडं जत्रा आस्ती. जेवायला यायचं." समोरचा गडी वळणाचा. घरच्यांनी शिकवलेलं, आमंत्रण दिलं की मान राखायचा. त्याच्या तोंडून निघून गेलं, "व्हय, येतो की." दम तुटला, पंचांनी शिट्टी वाजवली, गडी बाद. त्यांच्या मास्तरांनी मोठा वाद घातला, पण खेळताना जेवायला बोलवू नये असा नियम पंचांच्या पुस्तकात नव्हता. आम्ही सामना जिंकलो. आम्हाला ती युक्ती वाटली. त्याला मात्र आपण कुठली युक्ती केली हेच उमगलं नाही, कारण त्यानं मनापासून बोलावलं होतं.

हे सगळं सांगताना मला आजही हसू येतं, पण त्याला इतकी घाई कशाची होती ते मला त्या वयातही ठाऊक होतं आणि म्हणून माझं हसणं थोडं खोटं आहे. आम्ही मुलाणी. जत्रेदिवशी बकरी कापायला अब्बा पहाटेपासून वाडीत घरोघर हिंडायचे. कुठल्या घरी दोन बकरी पडली, कुठं चार घरांत मिळून एक, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसे. शेवटच्या घरी त्यांना कधी जावंच लागलं नाही. तिथं माझा शेजारी आणि त्याची आई, दोघंच. वडील तो लहान असताना गेलेले. बांधावरून चुलत्यांशी बोलणं तुटलेलं. मामा पार सीमेपलीकडं कर्नाटकात, तिकडचंही कशावरून तरी बिनसलं ते बिनसलंच. वाडीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची आणि ही मायलेकरं बाजारातनं आणलेलं किलोभर मटण समोरासमोर बसून खायची आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीबरोबर संपवायची.

आठवीत आम्ही सगळा वर्ग त्याच्या जत्रेला गेलो आणि त्याच्या घरी कुणीच गेलो नाही. नववीतही तेच. वाडीत शिरल्याशिरल्या आमच्याच वर्गातल्या एकाचं मोठं घर होतं, तिथं मांडव असायचा, पंगतीवर पंगती उठायच्या. तिथं जेवलं की ओढा ओलांडून वर चढायचं जिवावर यायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत हा रुसलेला असेल म्हणून मी खाली मान घालून बाकावर बसायचो. पण रुसवा वगैरे काही नाही. उलट आमच्यासाठी कारण तोच शोधून आणायचा. "तुमी आला आसशीला रं. मीच मेला देवळात गेलतो. चुकामूक झाली बघ." मी म्हणायचो, "व्हय, आलतो." असलं धडधडीत खोटं मी पुन्हा फारसं कुणाशी बोललो नाही.

दहावीत त्याची बोलावणी दुप्पट वाढली. त्या दिवाळीपासून त्यानं एक बोकड पाळलं होतं. शाळा सुटली की त्याच्यासाठी डोंगरातून पाला घेऊन जायचा. एकदा मधल्या सुट्टीत तो मला म्हणाला, "आई म्हणती, आपल्या घरात एकदा तरी पंगत बसावी. एकदाच बसू दे, मग न्हाय बोलवत कुणाला. पुढल्या वर्षी तुमी कुठं आन् मी कुठं." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मलाही तेच सुचलं, "येतो की."

त्या वर्षी माझा मोठा भाऊ गावात नव्हता, म्हणून अब्बांबरोबर पहाटे मी गेलो. पहिल्यांदाच आम्हाला शेवटच्या घराचं बोलावणं होतं. अंगण सारवलेलं, चुलीजवळ देवळातनं मागून आणलेलं भलंमोठं पातेलं आणि त्याची आई पदर खोचून उभी. अब्बांनी विचारलं, "किती पान हाय म्हणायचं, बाई?" ती म्हणाली, "पोरगं म्हणतंय, समदा वर्ग येणार हाय, दादा. मास्तर बी येणार हाईत." बोकड कापताना माझा मित्र घरात जाऊन बसला होता. तिथून निघताना अब्बा मला म्हणाले, "जाणार हाय न्हवं तुमी पोरं?" मी म्हटलं, "सगळ्यांनी येतो की म्हटलंय."  अब्बांनी सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि ते खालच्या घरांकडं चालू लागले.

दुपारी मी कुठं होतो म्हणाल तर त्याच मोठ्या घरात, मांडवात, दोन वाट्या रस्सा पिऊन बडीशेप चघळत. खोटं कशाला सांगू. सगळा वर्ग तिथंच होता आणि गणिताचे सरही. बाहेर आलो तर ओढ्यावरच्या फरशी पुलावर तो उभा दिसला. शाळेचा इस्त्रीचा गणवेश घातलेला, कारण दुसरे बरे कपडे त्याच्याकडं नव्हते. आमच्याकडं बघून त्यानं हात हलवला नाही की हाक मारली नाही. नुसता उभा राहिला. मी मागं फिरलो आणि सकाळी पाहिलं ते सगळं पोरांना सांगितलं. बोकड, पातेलं, त्याची आई. एकजण म्हणाला, "पोट फुटंल की रं आता." सरांनी बडीशेप थुंकली, धोतर झटकलं आणि एवढंच म्हणाले, "उठा."

आम्ही एकोणीस पोरं, सात पोरी आणि सर असे त्या अंगणात जाऊन बसलो आणि तेव्हा एक घोटाळा उघड झाला. पठ्ठ्यानं बोकड वाढवलं होतं, पातेलं आणलं होतं, कुत्रं बांधलं होतं. पण त्या घरात ताटं होती चार. दोन माणसांच्या घरात चार म्हणजे तीही दोन जास्तच, आणि पाहुणे कधी आलेच नसल्यामुळं ताटांचा विचार त्या मायलेकरांच्या डोक्यातच आला नव्हता. मग सरांना परात दिली, पोरींना चार ताटं, कुणी पातेल्याच्या झाकणात तर कुणी हातातल्या भाकरीवरच सुकं घेऊन बसला. उरलेले रांगेत थांबले. पोटात तीळभर जागा नव्हती, तरी एकानंही "नको" म्हटलं नाही. एक जाडा गडी तर गोठ्यामागं जाऊन जागेवर चार उड्या मारून आला आणि पुन्हा पंगतीत बसला. आई एकेकाच्या पुढ्यात बसून विचारायची, "कुणाचा रं तू?" आणि सांगितलं की अजून एक पळी. सर तीन भाकरी जेवले. त्यांना त्या दिवशी रात्री बरंच जड गेलं, असं नंतर कळलं.

आणि माझा बाकावरचा शेजारी? तीन वर्षं अख्ख्या तालुक्याला बोलवत हिंडलेला तो माणूस माणसं घरात आल्यावर मुका झाला. या म्हणायचं त्याला पाठ होतं, आल्यावर काय म्हणायचं याची कधी वेळच आली नव्हती. रश्श्याची पळी हातात घेऊन तो नुसता उभा. शेवटी आई म्हणाली, "वाढ की रं, बघतोयस काय." मग तो वाढत सुटला, कुणाकडं न बघता. निघताना ओढ्यापर्यंत पोचवायला आला. तिथं उभं राहून म्हणाला, "पुढल्या वर्षी बी या." सगळ्यांनी एका सुरात त्याला होकार दिला.

पुढं मी कोल्हापुरात आलो. शिवाजी पेठेत दोन खोल्या घेतल्या, एका औषधांच्या दुकानात लागलो. तो वाडीवरच राहिला. दोन म्हशी, थोडी शेती. दर माघात त्याचा फोन न चुकता यायचा आणि दर माघात मला काहीतरी असायचंच. कधी दुकानातली रजा, कधी पाहुण्यांचं लग्न, कधी मुलीचा ताप. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचाच फोन. "गर्दी लै हुती बघ काल. आला न्हाईस तेच बरं झालं." गेल्या पावसाळ्यात त्याची आई गेली. मला दहा दिवसांनी समजलं. मी फोन केला तर मला धीर त्यानंच दिला. मग बोलता बोलता सहज म्हणाला, "त्या जत्रंनंतर आईनं दोन डझन ताटं घेतलीती. तुमच्यापायी. अजून वरचा कागुद बी काढल्याला न्हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

या माघात त्याचा फोन आला नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, जत्राही नाही. मीच फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला म्हटलं, तू माझ्याकडं ये, रविवारी, जेवायला.  तो म्हणाला, "येतो की."

आज रविवार आहे. बायकोनं सकाळी सातला मटण चढवलं. मी दोनदा रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. आता अडीच वाजलेत, मुलगी जेवून झोपली आहे आणि बायको म्हणतेय, तुम्ही तरी खाऊन घ्या. मी म्हटलं, थांबू जरा. वाडीवरनं फाट्यापर्यंत चालत यायचं, मग गारगोटी, मग कोल्हापूर. रविवारी गाड्याही कमीच असतात.