डिस्क चेक आणि दहाव्याचा कावळा

पिंडाला कावळा शिवणं वगैरेवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आजोबांच्या दहाव्याला सगळे हात जोडून झाडाकडे बघत होते, तेव्हा मी माझ्या धाकट्या भावाच्या, मंदारच्या कानात म्हणाले होते, "भूक नसेल रे त्याला." त्यावरून आईने घरी येऊन चांगलं झापलं होतं. आता आईच्याच दहाव्याचं लिहायला बसलेय... तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

मी कॅनबेराला राहते, गुंगालिनमध्ये. कॉन्ट्रॅक्टवर सर्व्हर सांभाळायचं काम करते. करोनाची दुसरी लाट आली तेव्हा पुण्यात आई गेली. हॉस्पिटलमधून तिला परस्पर नेलं. मंदारलासुद्धा लांबूनच दर्शन. आणि मी इथे, विमानं बंद, बाहेर कडाक्याची थंडी, स्टडीत हीटरसमोर बसलेली. मला भयंकर राग येत होता, पण कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

आई निवृत्त शिक्षिका. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तिचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फार जुनं, नव्या लॅपटॉपवर चालेना, आणि दुसरं शिकायला ती तयार नव्हती. "तुझं शहाणपण ऑफिसात दाखव, मला हेच बरंय." म्हणून मागच्या भेटीत मी तिचा अख्खा जुना कॉम्प्युटर नव्या लॅपटॉपमध्ये बसवून दिला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला – एका मोठ्या फाइलमध्ये राहणारा दुसरा कॉम्प्युटर. आई त्याला 'पोटातला' म्हणायची. फोनवर सांगायची, "आज पोटातला रुसलाय गं!"

शेवटी ती एम.ए. करणाऱ्या मनीषासाठी इतिहासाचं पुस्तक वाचत होती. त्यातच ताप भरला, धावपळीत तिला हॉस्पिटलात नेलं, आणि घरी लॅपटॉप तसाच चालू राहिला. बॅटरी संपून तो बंद पडला. त्यानंतर पोटातला काही उठेना. बॅकअप होता, पण तोही बिघडल्यानंतरचाच. मंदारने पोटातल्याची ती मोठी फाइल मला पाठवून दिली. त्याच दिवशी मनीषाचा व्हॉइस मेसेज आला: "ताई, मॅडम गेल्याचं कळलं. परीक्षा जवळ आलीय म्हणून विचारतेय... त्यांचं रेकॉर्डिंग मिळेल का? सॉरी हं, अशा वेळी विचारतेय." तिचं ते सॉरी मला फार लागलं. तिला पुस्तक हवं होतं आणि मला आईचा आवाज. दोन्ही त्या एका डिस्कमध्ये अडकून पडलं होतं.

मशीन चालू केलं की डिस्क तपासायला सुरुवात व्हायची, टक्के चढायचे, आणि दर वेळी एकाच आकड्यावर येऊन ठप्प. बंद करून चालू केलं, तेच. फाइलची कॉपी काढून तिच्यावर करून बघितलं, रिपेअर डिस्कवरून केलं, दुसऱ्या मशीनला जोडून केलं... पुन्हा तोच आकडा. ऑफिसातल्या ग्रेगला विचारलं तर तो म्हणाला, "मेट, कधीकधी त्याला युगं लागतात. जस्ट लीव्ह इट."

लीव्ह इट म्हणे! मला एका जागी बसवत नव्हतं. चहा करायची आणि तसाच सिंकमध्ये ओतायची. कपड्यांच्या घड्या अर्ध्यावर टाकून आकडा बघायला धावायची. नितीन, माझा नवरा, शेवटी म्हणाला, "अगं, बघून बघून तो पुढे जाणारे का?"

दहाव्याला घाटावर मोजक्याच माणसांना परवानगी होती. बाबा आजारातून नुकतेच उठलेले, ते घरीच होते. पुण्यात सकाळ, आमच्याकडे दुपार. माझ्या एका स्क्रीनवर मंदारचा व्हिडिओ कॉल, दुसऱ्यावर ती तपासणी, सकाळपासून अडकलेली. नितीन माझ्या मागे उभा होता.

पिंड ठेवला. समोरच्या भिंतीवर कावळे चिक्कार होते, पण एकही खाली उतरेना. मंदार मास्कमधूनच म्हणाला, "आई, बाबांना मी माझ्याकडे नेतोय, काळजी करू नकोस." काही नाही. "आई, तुझं घर विकणार नाही." काही नाही. "ताईचं तिकडे सगळं छान चाललंय गं." तरी नाही. मागे दुसरी कुटुंबं ताटकळत उभी होती. त्या दिवसांत घाटाला उसंतच नव्हती. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या का? चालतं शास्त्रात."

"थांबा गुरुजी," मंदार म्हणाला. "ताई, तू बोल. माझं सगळं सांगून झालं."

त्याने फोन पिंडासमोर धरला. मला किती काय सांगायचं होतं... येता आलं नाही, तुझा हात धरता आला नाही. त्यातलं काहीच तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, "आई, मनीषाचं पुस्तक मी पूर्ण करते. तुझं झालेलं तिला पोचवते, राहिलेलं मी वाचते."

फोनमध्ये पंखांची फडफड ऐकू आली. "शिवला! ताई, शिवला!" मंदार हमसून हमसून रडत होता. मी तोंड ओंजळीत झाकून घेतलं. तेवढ्यात नितीनने माझा खांदा दाबला. "अगं... ते बघ."

दुसऱ्या स्क्रीनवरचा आकडा पुढे सरकत होता. कीबोर्डला माझं बोटही लागलं नव्हतं.

मला कळतं, खराब डिस्क तपासायला वेळ लागतो. कावळ्यालाही कधी ना कधी भूक लागणारच. एकेक गोष्ट घेतली तर मी तुम्हाला नीट समजावून देईन. दोन्ही एकाच वेळी कशा झाल्या, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी पोटातला उठला. आईचं रेकॉर्डिंग शाबूत होतं. उरलेल्या प्रकरणांचे फोटो मंदारने काढून पाठवले, ती मी कपड्यांच्या कपाटात बसून वाचली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पाठवण्याआधी आईची शेवटची फाइल हेडफोन लावून ऐकली. खोकला, भांड्यांचे आवाज हे सगळं आई नंतर कापून साफ करायची. ही फाइल साफ करायची राहिली होती.

एका परिच्छेदाच्या मधेच खिडकीशी कावळा ओरडायला लागला. रोज सकाळी पोळीच्या तुकड्यासाठी यायचा तो. आई वाचता वाचता थांबली, आणि वर्गात बोलायची तशा आवाजात म्हणाली, "थांब रे जरा. एवढं पुस्तक होऊ दे, मग ये."

मी ते कापलं नाही. मनीषाला तसंच पाठवून दिलं.