कोरी राहायला हवी होती ती काच

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, सोड गं, झालं ते झालं. नाही सोडत, जा!

आमचं घर राजाजीनगरातलं, पिढ्यान् पिढ्या बंगळुरातच. घरात मराठी बोलायची, दाराबाहेर कन्नड, आणि पीएचडीसाठी ज्या लॅबमध्ये गेले तिथे दिवसभर इंग्रजी. तिथे पहिल्याच आठवड्यात एक सीनियर बाई माझ्या डब्यात डोकावली आणि म्हणाली, "काय गं, थालीपीठ? स्वल्प मला पण दे की." बेळगावकडची होती. मी त्याच दिवसापासून तिला अक्का म्हणायला लागले. आपल्या घरची भाषा बोलणारं माणूस आपल्याला फसवेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

आमचं काम तसं सांगायला सोपं. उंदराच्या मेंदूचे अगदी पातळ काप काचेवर घ्यायचे, आणि एक ठरावीक प्रथिन कुठल्या पेशींमध्ये आहे ते रंगवून दाखवायचं. त्यासाठी अँटिबॉडी वापरतात. ती म्हणे त्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग चढवता येतो. हे 'म्हणे' फार महत्त्वाचं आहे बरं का. बाटलीवर काही का छापलेलं असेना, ती भलत्यालाच चिकटू शकते, आणि रंग तरीही तितकाच देखणा येतो. म्हणून एक काच वेगळी करायची असते. ज्या उंदरात ते प्रथिन जन्मापासूनच नाही, अशा उंदराचा काप घ्यायचा आणि तोही तसाच रंगवायचा. त्यावर रंग येता कामा नये. ती काच कोरी राहिली, तरच बाकीच्या काचांवर विश्वास ठेवायचा.

अक्काने मला तिची बाटली दिली तेव्हा मी विचारलं होतं, "ती कोरी काच करून बघू का?"

"अगं, मी केलीय ना! सगळं व्यवस्थित आहे. तू रंगव."

दाखव म्हणायला माझी जीभ रेटली नाही. थोरल्या बहिणीकडे कोणी पुरावा मागतं का? आमच्या घरात तरी असला आगाऊपणा चालत नाही.

तीन वर्षं मी रंगवत राहिले. चांगली काच आली की अक्काला हाक मारायची. ती सूक्ष्मदर्शकावर वाकून म्हणायची, "कसला देखणा आलाय गं!" मी फुशारून जायची. माझा अर्धा प्रबंध त्या तपकिरी पेशींवर उभा राहिला. अक्काचाही एक पेपर त्याच बाटलीवर निघाला, आणि त्याच्या जोरावर तिला व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नोकरी मिळाली.

प्रबंध द्यायला महिना राहिला तेव्हा माझ्या गाइड सरांनी वाचून समासात एवढंच लिहिलं, 'कोऱ्या काचेचा फोटो टाक.' ते उंदीर आता आमच्याकडे नव्हते, पैदास कधीच बंद झाली होती. पण मला कसली काळजी? अक्काने काच केली होतीच. ती भावाच्या लग्नाला गावी गेली होती, म्हणून लॅबमध्ये राहिलेलं तिचं जुनं कपाट मीच उघडलं आणि काचांची पेटी काढली. लेबलावर तिचं गोल गोल अक्षर होतं. काच ट्यूबलाइटसमोर धरली, तर तपकिरी! सूक्ष्मदर्शकाखाली घातली. माझ्या काचांवर जसा रंग होता तसाच, त्याच पेशींत.

आधी मला काय वाटलं सांगू? लेबलांची अदलाबदल झाली असणार. बघा, तेव्हासुद्धा मी तिचीच वकिली करत होते. मग पेटीत तशाच लेबलाच्या आणखी दोन काचा सापडल्या, वेगवेगळ्या दिवशी केलेल्या. त्याही तपकिरी. म्हणजे बाईने तीनदा करून बघितलं होतं, तीनदा तिला कळलं होतं, आणि तरी ती मूग गिळून बसली होती. मी तिथेच स्टुलावर बसले.

फोन लावला. मागे सनई वाजत होती. म्हटलं, "अक्का, त्या काचा तपकिरी आहेत."

ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. बॅकग्राउंड असेल, काप जाड पडला असेल, असं काहीबाही. आजवर ती माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलली नव्हती.

"मराठीत सांग!" मी ओरडले. "तुला ठाऊक होतं की नव्हतं?"

"होतं," ती म्हणाली. "पेपर तेव्हा छापायला गेला होता गं. तुला सांगितलं असतं, तर तू जाऊन सरांना सांगितलं असतंस."

"हो, सांगितलंच असतं!"

"मग?"

मी फोन कापला. माझी तीन वर्षं तिने डोळ्यांदेखत वाया जाऊ दिली होती, माझ्या डब्यातलं खात खात.

सरांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रबंधातलं ते प्रकरण फाडू नकोस, उलटं लिही. ही अँटिबॉडी भरवशाची नाही, हेच दाखव. पण दाखवायचं कशावरून? जगात पुरावा म्हणून तेवढ्या तीनच काचा होत्या, आणि त्या कोणी रंगवल्या हे फोटोखाली लिहिणं भाग होतं. अक्काला कळलं तेव्हा तिने मेसेज केला, 'काचा घे, सरी, ठीक आहे. फक्त माझं नाव घालू नकोस. नोकरी जाईल. आपल्या माणसासाठी एवढं कर.'

आपलं माणूस म्हणे! दोन दिवस जेवण गेलं नाही मला. तिसऱ्या दिवशी तिचं नाव टाईप केलं आणि प्रबंध देऊन आले.

घरी आले आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. आईला वाटलं, प्रबंध संपल्याचं रडू आहे. खरं तर जे झालं ते कोणाला तरी सांगून मोकळं व्हायचं होतं, आणि फोन हातात घेतल्यावर बोट आपोआप अक्काच्याच नंबरावर गेलं होतं.