बाईंनी वडिलांना दिलेला शब्द

कुसुमताई सरोदे अमरावतीला आम्हांला इतिहास शिकवीत. पण त्यांची खरी ओळख झाली ती वर्गात नव्हे, आमच्या वलगावच्या ओसरीवर. भाजीचा हंगाम होता. कॉलेज सोडून मी आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. बाई बसनं आल्या, साडी सावरून खाली बसल्या आणि बोलता बोलता जुड्या बांधू लागल्या. बाळापूरच्या शेतकऱ्याघरची लेक. हात विसरला नव्हता.

वडील म्हणाले, "शिकून ही आमची राहीन काय, बाई?"

"राहीन. माह्या जबाबदारीवर धाडा."

त्या एका शब्दावर मी पुढं शिकले. बाईंचा मोठेपणा सांगायचा तर तो असाच सांगावा लागतो. घरोघर जाऊन मुली आणणं, परीक्षेच्या दिवसांत त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेणं, उपाशी असलेली पोर चेहऱ्यावरून ओळखणं, हे त्या नोकरीचाच भाग समजत. मी आज अकोल्यात शिकवते, ती त्यांची पुण्याई.

पण त्यांचा शब्द काही खरा झाला नाही. वडील वारल्यावर मी एकदा वलगावला गेले. आईनं पाट मांडला, ताट केलं, मला एकटीला आधी वाढलं. भावजया, आई नंतर चुलीपाशी एकत्र बसणार होत्या. मी म्हटलं, "मी बी तुमच्यासंगच बसतो." आई म्हणाली, "नाही, तुमी जेवून घ्या." पोटच्या पोरीला तुमी! जेवले आणि उठले.

परतताना अमरावतीला उतरून तडक बाईंकडं गेले आणि मनातलं सगळं ओकून टाकलं. बाईंनी मला थांबवलं नाही. मग त्यांनी बाळापूरचं सांगितलं. त्यांचा भाऊ वारला तेव्हा आतल्या खोलीत बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या. बाई दारात दिसताच त्या गप्प झाल्या आणि कुणीतरी उठून त्यांच्यासाठी खुर्ची आणली. सख्ख्या भावाच्या दुःखात बाई त्या खुर्चीवर बसून राहिल्या.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"तुह्या घरी आलो, त्याच्या आधीचं."

"म्हणजे ठाऊक होतं? मग बाबांना खोटं काहून सांगितलं?"

"खरं सांगतलं असतं तर त्यायनं तुले धाडलं असतं काय, पोरी?"

माझा राग आजही पुरता गेलेला नाही. बाईंचा गौरव करायचा तर हेही लिहायला हवं, असं वाटलं. शिक्षणानं माणूस मोठं होतं, असं आपण व्यासपीठावरून सांगतो. पण मोठं झालेलं माणूस घरात मावत नाही, हे बाईंनी सोसलं, मुलींना शिकवत राहिल्या आणि कुणापुढं कधी रडल्या नाहीत.

बाईंना पंचाहत्तरावं लागलं. गुडघे कुरकुरतात, तरी माझा आवाज ऐकला की त्या स्वतः दार उघडतात. शहरात मी मॅडम, वलगावात तुमी. मला पोरी म्हणणारं माणूस आता हे एकच उरलं आहे. त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. ही शुभेच्छा त्यांच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त आहे.