अनोळखी नंबर

डोंबिवलीत आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका अनोळखी फोन उचलतच नसत. कट करायचे, लगेच तक्रार ठोकायचे आणि मला सुनवायचे, "अरे, तारेच्या जमान्यातले कायदे यांचे! ते बदलल्याशिवाय हे कर्जवाले थांबणार आहेत का?" नव्या नियमांवर सरकारने सूचना मागवल्या की पानंच्या पानं लिहून पाठवायचे.

काकू शीळफाट्याला रस्त्यात कोसळल्या, तेव्हा कुणी परका माणूस काकांना परत परत फोन करत होता. काकांनी ते कट केले, वर त्या नंबरची तक्रारही केली. काकू गेल्या. नंतर काकांनी तो नंबर लावला, तर बंद. इतक्या वर्षांत कारवाई झाली, ती नेमकी याच तक्रारीवर.

आता काका प्रत्येक फोन उचलतात. पलीकडून कर्जाचं सुरू असतं, आणि हे विचारतात, "शीळफाट्याला तुम्हीच होतात का?"