थोरले साडू आणि गाड्यांच्या पाट्या

आमच्या थोरल्या साडूंइतका इंग्रजीवर जीव टाकणारा आणि जन्मात कधी इंग्रजी न बोललेला माणूस कृष्णाकाठी दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ज्याला पटत नसेल त्याने त्यांच्या स्कूटरवर मागे बसून कऱ्हाड ते सांगली जाऊन दाखवावं. गाडीच्या पाटीवर आकड्यांच्या मध्ये जी दोन अक्षरं असतात, ती दोन्ही ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधायचा, आणि तो जितका लांब तितका चांगला, हा त्यांचा कित्येक वर्षांचा उद्योग. फौजेत हवालदार असताना ट्रकच्या ताफ्यात पुढच्या ट्रकची पाटी बघत दिवस काढावे लागत, तिथे ही खोड लागली. पुढे पेन्शन सुरू झाली, खोड काही सुटली नाही. लोक याला वेड म्हणतात. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांतले निम्मे दिवसभर मोबाइलमध्ये नाक खुपसून बसलेले असतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही.

आखूड शब्दाचा त्यांना मनापासून राग. मी एकदा 'बी' आणि 'एक्स' या अक्षरांना झटकन 'बॉक्स' म्हणून मोकळा झालो, तर चेहरा वाकडा करून म्हणाले, "पावणं, पंगतीला बसून नुसतं मीठ चाटून उठतासा व्हय?" त्यांच्या पुतण्याने मोठ्या हौसेने त्यांना फोनवर दाखवलं, की अक्षरं टाकली की शब्दांची रांगच्या रांग येते. यांनी फोन त्याच्या खिशात परत घातला. "सवताच्या हिरीला पाणी हाय तवर टँकर कोण मागवतंय?" पाटणला एका लग्नात भटजी 'सावधान' म्हणायला श्वास घेत होते, तेवढ्यात मांडवाच्या दारातून आरोळी आली, "डिसक्वालिफिकेशन!" नवरीच्या बापाने खुर्चीचा हात धरला. काही अमंगळ नव्हतं. नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीवर 'डी' आणि 'क्यू' होते, एवढंच. सगळं वऱ्हाड अंगावर आलं, तरी साडू जागचे हलले नाहीत. "लगीन रोज कुटं तरी लागतंयच. डी-क्यू कवा मिळायचा?"

हे सगळं खपून गेलं असतं. पण गेल्या सुगीत ते स्कूटरसकट कुणाच्या तरी उसात घुसले. उसाचं नुकसान बेताचं, साडूंचं त्याहून कमी. अंगावरचा पाला झटकत बाहेर आले आणि शब्द सापडल्याचं जाहीर केलं. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. ती मात्र हसली नाही. तिने स्कूटरची किल्ली काढून घेतली. साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. स्कूटर गेली तर हा माणूस दारातल्या खुर्चीवर बसून संपेल, हे मला दिसत होतं, आणि स्कूटर राहिली तर रस्त्यावर संपेल, हे अक्काला दिसत होतं.

शेवटी त्यांनीच पैज घातली. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसायचं. चहा संपेस्तोवर जेवढ्या गाड्या जातील त्या सगळ्यांना शब्द द्यायचे. एक जरी चुकला तरी किल्ली अक्काची कायमची, नाहीतर किल्ली त्यांची. अक्का समोर बसली, पंच म्हणून मला बसवलं.

पहिली गाडी अगदी टपरीसमोर थांबली होती. 'सी' आणि 'झेड'. "सिटिझनशिप!" साडू गरजले. बशीतला चहा भुरकला. दुसरी गाडी लांबून गेली. तिच्यावर होते 'ई' आणि 'एफ'. साडू म्हणाले, "ई-पी. एन्सायक्लोपीडिया!" मी चमकलो. वाटलं, घाईत नजर चुकली असेल. तिसऱ्या गाडीलाही पाटीवर नसलेलीच अक्षरं सांगितली, आणि त्यांना शब्द दिला तो असा भरघोस, की टपरीवाल्याने चहा गाळायचं थांबवून ऐकलं. मी अक्काकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पेल्यातला चहा तसाच होता.

मग उसाची ट्रॉली आली. मागे पाटी नव्हतीच, नुसते उसाच्या शेंड्यांचे वाडे लोंबत होते. साडूंनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली आणि ठणकावून दोन अक्षरं सांगितली. पाठोपाठ शब्दही दिला.

पंच मी होतो, पण निकाल मी दिला नाही. अक्कानेच पेला बाजूला सारला. "जिंकलासा," ती म्हणाली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

साडूंनी हात पुढे केला. हाताला आधी बशी लागली, मग साखरेची बरणी. किल्ली सापडायला वेळ लागला. ती त्यांनी मुठीत धरली. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "पावणं, खरं सांगा. ट्रॉलीला पाटी हुती?"

"नव्हती, दादा."

त्यांनी किल्ली अक्काच्या पुढ्यात सरकवली. "धर. पर हरलो म्हणून देत न्हाई. माझा शबुद एकबी चुकला न्हाई. पाट्या चुकल्या."

सांगलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. आता स्कूटर अक्का चालवते. साडू मागे बसतात आणि पाट्या तीच वाचून सांगते.

परवा सांगलीत सिग्नलला मी नेमका त्यांच्या मागे होतो. दोघांनाही पत्ता नव्हता. पुढच्या रिक्षाकडे बघून अक्का म्हणाली, "ए आणि एन." साडू लगेच उखडले. "मास्तरीणबाई, सोपी अक्षरं देऊ नगा. माजी नजर गेल्या, अक्कल न्हाई. काय लिवलंय ते वाच."

अक्काने मग खरी अक्षरं सांगितली. 'एफ' आणि 'क्यू'.

सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. अक्काने स्कूटर हळूच पुढे काढली. साडू मागे ताठ बसून शोधत होते. माझी गाडी सहज पुढे गेली असती. पण मी विश्रामबागेपर्यंत त्यांच्या मागेच राहिलो. मला तो शब्द ऐकायचा होता.