बेटावर कुणी आढळलं नाही

बेलापूरच्या सरकारी कार्यालयात मी आयुष्यभर कागद लिहिले. त्यातला एकच अजून आठवतो, आणि तोच विसरायला हवा होता.

खाडीतलं एक चिमुकलं बेट पक्ष्यांसाठी राखीव करायचं होतं. सुरय नावाचे पांढरे समुद्रपक्षी तिथे शिंपल्यांच्या चुऱ्यावर उघड्यावरच अंडी घालतात. पाहणीला मी एका म्हाताऱ्या कोळ्याच्या होडीतून गेलो. बेट बरंच लांब असतानाच त्याने होडी थांबवली.

"जवळ घ्या की, नाखवा."

"आता नाय सायेब. पक्षी अंड्यांवर बसलाय. पिलं उडंपर्यंत आमच्या गावातला कोन पाय ठेवत नाय. मानसाला सुट्टी, पक्ष्याला ड्युटी."

"आणि एरवी?"

"एरवी ओहोटीला आमच्या बाया शिंपल्यातली कालवं काढतान. आधी माझी आय, आता बायको. घर चालतं त्यावर."

अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना होता: मानवी वापर. मी लिहिलं, 'पाहणीवेळी आढळला नाही.' खोटं काहीच नव्हतं. 'आहे' लिहिलं असतं तर सुनावणी, गावाची बैठक, पुन्हा पाहणी. आणि कार्यक्रमाची तारीख तर ठरलेली.

कार्यक्रम थाटात झाला. मांडव, फेटे, फलकावर रोहित पक्ष्याचं भलंमोठं चित्र. रोहित त्या बेटावर घरटं करत नाही, पण फोटोत शोभतो. माणसाच्या हावेपासून बेट वाचवल्याचं तीन भाषणांत ऐकलं. बाराही महिने प्रवेशबंदी लागू झाली.

माझ्या निवृत्तीला पाच महिने उरले असताना तो म्हातारा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आला. पिल्लं उडाल्यावर तरी बायकोला कालवं काढू द्या, एवढंच मागणं.

"कुनीतरी लिवलंय म्हने, तिथं मानूस जातच नव्हता. सायेब, तुमी तर माझ्या होडीतून आलेलात. तुमीच सांगा त्यांना."

तो कुणीतरी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. अहवाल चुकलाय आणि तो मी लिहिलाय, एवढं अर्जावर लिहिलं असतं तर फार तर माझी चौकशी झाली असती. मी शेरा मारला, 'उचित कार्यवाहीस्तव सादर.'

"झालं, सायेब?"

"पुढे पाठवलंय."

त्याने हात जोडले. जाताना शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "आपला मानूस आत असला की बरं असतं."